लिंबू आणि हमी

जुनी स्पोर्ट्स कार घेताना वाढीव हमीचे पैसे मोजावेत का? उत्तर लिंबात आहे. अमेरिकेत खोडीच्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. त्यावरचा जॉर्ज अकरलॉफ यांचा निबंध तीन नियतकालिकांनी साभार परत केला. चौथ्याने 1970 साली छापला आणि 2001 साली त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला! सार एवढंच: गाडीचं दुखणं विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. 1975 साली तिथे हमीच्या अटी सोप्या भाषेत लिहिण्याचा कायदा झाला. त्या वाचाव्यात. बहुधा 'झीज' वगळलेली असते, आणि स्पोर्ट्स कार तर झिजायलाच जन्मते! विकणारा पदरची हमी देतो तेव्हा गाडीवर भरवसा दाखवतो. वाढीव हमी विकतो तेव्हा आपल्या भीतीचा भाव लावतो. माझं कॉमर्सचं डोकं सांगतं: नवं इंजिन परवडत असेल, तर ते पैसे ठेवीत टाकावेत. नसेल, तर हमी घ्यावी. नाहीतर सरळ लिंबू घ्यावं, सरबताचं!