माळावरची वाडी

ओसाड माळावर बिऱ्हाड नेण्याचे धैर्य माणसाला कोठून येते, हे आपण किर्लोस्करवाडीच्या उदाहरणाने पाहू. बेळगावची जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. १९१० साली निवडुंग तोडून, सापांशी सामना करीत कामगारांची कुटुंबे तेथे राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. त्यांच्याचसाठी येथे नांगर घडू लागले. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात, वाडी सांगलीत आहे. विस्थापितांना ‘या’ म्हणणारा राजा तिला लाभला, हे आपण विसरू नये.