नायट्रो (रोलर कोस्टर)

नायट्रो हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील इमॅजिका या मनोरंजन उद्यानातील पोलादी रोलर कोस्टर आहे. हे उद्यान खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे आहे. हा कोस्टर २०१३ मध्ये सुरू झाला. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने बनविलेला हा भारतातील पहिला कोस्टर होय. त्याची उंची ४० मीटर आणि कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर असल्याचे जाहीर करण्यात आले असून वाटेत प्रवासी पाच वेळा उलटे होतात. भारतातील सर्वांत मोठा रोलर कोस्टर अशी त्याची ओळख आहे. २०२२ पासून उद्यानाची मालकी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातही याच कंपनीचा, याच नावाचा, २००१ साली सुरू झालेला कोस्टर आहे. तो वेगळ्या प्रकारचा आहे. त्यात प्रवासी उलटे होत नाहीत.

पार्श्वभूमी

लाकडी सांगाड्यांच्या कोस्टरना वळणांची आणि उतारांची मर्यादा असते. ती नळीसारख्या पोलादी रुळांनी दूर केली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५९ साली सुरू झालेला ‘मॅटरहॉर्न’ हा अशा रुळांवरचा पहिला कोस्टर मानला जातो. उभ्या वर्तुळातून प्रवाशांना फिरविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातही झाले होते, परंतु ते मानेला आणि पाठीला त्रासदायक ठरले. त्याचे कारण गणिती आहे. पूर्ण गोल फेऱ्याच्या माथ्यावरून गाडी जेमतेम पार होईल एवढाच वेग ठेवला, तरी पायथ्याशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. फेऱ्याला थेंबाचा आकार दिला, म्हणजे माथ्याशी वळण लहान आणि पायथ्याशी मोठे ठेवले, की हा भार बराच कमी होतो. या तत्त्वावरील आधुनिक उभा फेरा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरमध्ये यशस्वी झाला.

वॉल्टर बोलिगर आणि क्लोद मॅबिलार्ड या दोन अभियंत्यांनी १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँते या गावी स्वतःची कंपनी काढली. चार प्रवासी शेजारीशेजारी बसतील असे रुंद डबे आणि चौकोनी पेटीसारखा कणा असलेले रूळ ही तिच्या कामाची ओळख बनली. तळ नसलेल्या गाडीचा तिचा पहिला कोस्टर, ‘मेडुसा’, १९९९ मध्ये न्यू जर्सीत सुरू झाला. नायट्रो त्याच जातीचा आहे.

रचना आणि कार्य

नायट्रोची गाडी रुळांवरूनच धावते, मात्र आसनांखाली डब्याचा तळ नसतो, त्यामुळे प्रवाशांचे पाय रुळांवर अधांतरी राहतात. स्थानकात चढण्या-उतरण्यासाठी सरकती फरशी असते. सर्वांचे खांद्यावरून येणारे अडसर बंद झाले की ती बाजूला होते आणि गाडीपुढचे फाटक उघडते. पहिल्या रांगेतील प्रवाशासमोर मग काहीच उरत नाही. या रांगेसाठी लोक वेगळे ताटकळतात ते यामुळेच.

गाडीला इंजिन नाही. साखळी तिला टेकडीच्या माथ्यापर्यंत ओढून नेते. पुढचा सर्व प्रवास उंचीतून मिळालेल्या स्थितिज ऊर्जेवर होतो. पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा लहान ठेवावा लागतो, कारण घर्षण आणि हवेचा रोध ऊर्जा खात असतात. घर्षण नाही असे धरले, तर ४० मीटर उतारावरून ताशी सुमारे १०१ किलोमीटर वेग मिळतो, तर ताशी १०५ किलोमीटर वेगासाठी निदान ४३ मीटर उतार लागेल. उद्यानांच्या जाहिरातींतील उंची आणि वेग यांचे आकडे विद्यार्थ्यांनी असे पडताळून पाहावेत आणि ढोबळ मानावेत.

गाडी उलटी झाली तरी रुळांवरून सुटत नाही, कारण चाके रुळाला तीन बाजूंनी धरतात: वजन पेलणारी वरून, वळणावर आवरणारी बाजूने आणि उचलू न देणारी खालून. मार्गाचे विभाग पाडलेले असतात. एका विभागात एक गाडी असेपर्यंत दुसरीला तेथे प्रवेश मिळत नाही. हे काम संगणकीय नियंत्रण पाहते आणि पुढचा विभाग मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकने थांबविली जाते.

मालकी

इमॅजिका हे मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले उद्यान. शेट्टी यांची आधीची ओळख चित्रपट प्रक्रियेच्या ‘अ‍ॅडलॅब्स’ या व्यवसायामुळे होती. ‘अ‍ॅडलॅब्स इमॅजिका’ या नावाने उद्यान एप्रिल २०१३ मध्ये उघडले. पुढच्या वर्षी जलउद्यान आणि नंतर हॉटेल व हिमउद्यान यांची भर पडली.

अशा उद्यानाचे अर्थकारण कोस्टरच्या उलट चालते. कोस्टर चढ एकदाच चढतो, तर उद्यानाला कर्जाचा चढ दरवर्षी चढावा लागतो. परदेशी बनावटीची यंत्रे आधी पूर्ण किमतीला घ्यावी लागतात, आणि गर्दी असो वा नसो, तपासणी, देखभाल व व्याज यांचा खर्च तेवढाच राहतो. खोपोलीच्या घाटपायथ्याला पावसाळाही जोरदार असतो. कर्ज फेडण्यासाठी कंपनीने मार्च २०१५ मध्ये समभाग विक्रीस काढले, पण थंड प्रतिसादामुळे किंमत उतरवावी लागली. जुलै २०१७ मध्ये मनोरंजन उद्यानांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. मार्च २०२० पासून करोना साथीत उद्यान बंद राहिले. थकीत कर्ज तोवर एक हजार कोटी रुपयांच्या घरात पोहोचले होते.

अखेर २०२२ मध्ये कर्जदात्या बँकांशी झालेल्या तडजोडीतून मालपाणी समूहाने बहुसंख्य भागभांडवल घेतले. संगमनेरचा हा समूह मूळचा तंबाखू व्यवसायातील असून ‘गाय छाप’ जर्द्यामुळे तो राज्यभर ओळखला जातो. उद्यानांचा व्यवसाय त्याला नवा नव्हता. लोणावळा आणि शिर्डी येथील ‘वेट अँड जॉय’ ही जलउद्याने, तसेच शिर्डीतीलच ‘साईतीर्थ’ हे भक्तिपर उद्यान त्याचेच. साईतीर्थ ही साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांसाठीची जागा आहे. तेथे वेगापेक्षा चित्रपट, हालत्या मूर्ती आणि तीर्थस्थळांच्या प्रतिकृती यांवर भर आहे. पुढे ही उद्यानेही इमॅजिकाच्या कंपनीत आणण्यात आली. त्यामुळे राहाता तालुक्यातील साईतीर्थ आणि खालापूर तालुक्यातील नायट्रो आता एकाच कंपनीकडे आहेत.