ऐकणाऱ्याची पात्रता

देवळी तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने २००५ च्या हंगामानंतर जीवन संपवले. तेरवीला जमलेल्या मंडळींनी कर्जाचा आकडा, कापसाचा भाव, पावसाचा खंड असा सगळा हिशेब मांडला. मावशी तेवढी एकच वाक्य बोलली : "दोन महिने झाले तो बोलतच नव्हता बापा, आमाले वाटलं थकला असन." हिशेब सगळ्यांच्या लक्षात राहिला, ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

पुढच्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाणा यांच्या जोडीला आमचा वर्धा जिल्हा त्यात होता. व्याजमाफी, कर्जाचे पुनर्गठन, सिंचन, बियाणे हे त्यातले मुख्य विषय. ते आवश्यकच होते. पण 'बोलत नव्हता' या लक्षणावर इलाज असतो आणि तो शिकावा लागतो, ही जाणीव आमच्या भागात यायला आणखी बराच काळ गेला.

बोलून मन हलके होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मात्र हलके होणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. संवादाला उपचाराचे रूप १८८० च्या दशकात व्हिएन्नात येऊ लागले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचे 'हिस्टेरिया'वरचे पुस्तक १८९५ चे. १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी माणसाच्या हट्टी, अविवेकी समजुतींना हात घालणारी पद्धत मांडली. मराठीत ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून रुजली, ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली. हा सारा प्रवास शहरांचा. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण खेड्यातला माणूस 'मनाच्या डॉक्टर'कडे जायला धजत नसे, आणि तसे डॉक्टर होतेच किती?

या अडचणीतून वाट निघाली ती आधी गोव्यात. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना तिथे समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ बैठकी, आणि त्यांत रोजच्या जगण्यातली सुटलेली कामे, सुटलेली माणसे हळूहळू पुन्हा जोडून देणे, एवढाच उपचाराचा गाभा. तीन महिन्यांनी यांतले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पाने हेच शेतकऱ्यांच्या दारी नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुढे राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात वर्ध्यासह चौदा जिल्हे आले आणि आशाताई घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासी यांविषयी विचारू लागल्या.

मग पदवीला काही अर्थच नाही का? हा प्रश्न मला पडला तो माझ्या भाचीमुळे. शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेलेली ही मुलगी कोलमडली, तेव्हा पाटी वाचून एका 'समुपदेशका'कडे गेली. दुसऱ्याच भेटीत त्याने लग्नाचा सल्ला दिला आणि तिने विश्वासाने सांगितलेले सारे तिच्या वडिलांना फोनवर कळवले. त्यानंतर वर्षभर ती कोणाशीच मोकळेपणी बोलली नाही. त्या माणसाचे शिक्षण एका छोट्या अभ्यासक्रमापुरते होते, हे मागाहून कळले.

गोव्यातला समुपदेशक आणि हा पाटीवाला, दोघांकडेही मोठी पदवी नव्हती. फरक जबाबदारीचा होता. गोव्यातल्या समुपदेशकांच्या बैठकी ध्वनिमुद्रित होत, सहकारी त्या तपासत, आणि आवाक्याबाहेरचा रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवला जाई. पाटीवाल्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

आपल्याकडचे कायदेही याच जबाबदारीच्या शोधात पुढे सरकलेले दिसतात. मनोविकारतज्ज्ञ हा एम.डी. किंवा तत्सम पदवीचा डॉक्टर. तो औषध देऊ शकतो आणि त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. १९९२ च्या कायद्यानुसार त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र बराच काळ मोकाट राहिला. त्यालाही नोंदणीच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ चा. त्याआधी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेला हक्काचा दर्जा दिला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तणावग्रस्त मानून मदत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

म्हणून कोणी विचारले, तर मी पहिल्याच भेटीत विचारायचे चार प्रश्न सांगतो. शिक्षण कुठे झाले आणि नोंदणी कोणाकडे आहे? माझ्या त्रासावर कोणती पद्धत वापरणार आणि साधारण किती बैठकी लागतील? मी सांगितलेले कोणाला कळेल आणि कोणत्या प्रसंगी? तुमच्या कामावर देखरेख कोणाची, आणि गरज पडली तर मला कोणाकडे पाठवाल? खरा जाणकार या प्रश्नांनी दुखावत नाही. दुखावला, तर उठून यावे. तेवढाही धीर नसेल त्या दिवशी १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक लावावा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलतो.

गेल्या पोळ्याला गावी गेलो होतो. आशाताई ओट्यावर बसून मावशीची झोप कशी आहे ते विचारत होती. मावशीने उत्तर दिले आणि मग हळूच मुलाचे नाव काढले. आशाताईने वही मिटून बाजूला ठेवली.