संगणक, घरगुती : फसलेल्या इन्स्टॉलेशननंतरची दुरुस्ती

सॉफ्टवेअर बसवण्याचे काम मध्येच थांबल्यामुळे, किंवा ते पुरे झाल्यासारखे दिसूनही चुकीचे झाल्यामुळे, घरच्या संगणकात उद्भवणारे बिघाड आणि ते निस्तरण्याच्या रीती. या नोंदीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील विंडोज-संगणकांचा विचार केला आहे. ही यंत्रे पुष्कळदा ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेली असतात आणि एकच यंत्र मुलांचा अभ्यास, सोसायटीचा हिशेब व घरातल्या छायाचित्रांचा साठा असे सगळे सांभाळते. असे यंत्र अडले की ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू’ हा तोडगा सर्वांत आधी सुचवला जातो. तो झटपट होतो आणि तंत्रज्ञाला सोपा पडतो, पण सी ड्राइव्हवरचे सर्व काही त्यात पुसले जाते. डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे दोन्ही त्याच ड्राइव्हवर असतात, हे घरातल्यांच्या ध्यानात बहुधा नंतर येते. इन्स्टॉलेशन फसल्यानंतर फॉरमॅटची खरी गरज क्वचितच असते. त्याआधी करण्याजोगे बरेच काही आहे.

काय अर्धवट राहते : इन्स्टॉलर प्रथम आपल्या फाइली टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो, मग त्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नेतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो, गरजेप्रमाणे सर्व्हिस किंवा ड्रायव्हर जोडतो आणि शेवटी कधी कधी रीस्टार्ट मागतो. विंडोजचा स्वतःचा ‘विंडोज इन्स्टॉलर’ प्रत्येक पायरीची उलट नोंद ठेवत जातो. चूक झाली की तो त्या नोंदीवरून मागे फिरतो आणि यंत्र होते तसे करतो. सगळेच इन्स्टॉलर ही काळजी घेत नाहीत. शिवाय वीजच गेली, तर मागे फिरायला त्या क्षणी कोणी जागे नसते. मग फाइली आहेत पण रजिस्ट्रीत नोंद नाही, किंवा नोंद आहे पण फाइल अर्धी लिहिलेली, अशी अवस्था उरते. पुढच्या वेळी इन्स्टॉलर ‘हे आधीच बसलेले आहे’ म्हणून थांबतो आणि काढायला जावे तर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतो.

वीज : या पट्ट्यात हे कारण बारकाईने पाहावे लागते. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. त्यानंतरची काही वर्षे ठाणे-कल्याण-डोंबिवलीने रोजचे भारनियमन सोसले, आणि घरोघरी संगणक येण्याचा काळही साधारण तोच होता. पुढे वेळापत्रकी भारनियमन सरले, तरी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे दिवस आणि पावसाळ्यातले झटके राहिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा भागातील उच्चदाब यंत्रणेतील बिघाडानंतर मुंबई आणि ठाणे परिसर अंधारात गेला. कोविडमुळे नोकरी आणि शाळा घरच्या संगणकावर चालू असलेले ते दिवस होते.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल-रचना आपल्या रचनेतील बदलांची नोंद ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेल्यावर डिस्कची मांडणी सहसा शाबूत राहते. मात्र त्या क्षणी लिहिली जात असलेल्या फाइलच्या मजकुराची हमी ती देत नाही. ‘डिस्क ठीक आहे, पण प्रोग्राम चालत नाही’ हे कोडे त्यामुळे पडते. जुन्या विंडोज एक्सपी यंत्रांवर पुष्कळदा फॅट-३२ असे. तिथे एवढेही संरक्षण नव्हते. घरगुती ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस बॅटरी चांगली असताना साधारण दहा-पंधरा मिनिटे देतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि मग हिरवा दिवा लागलेला असूनही वीज जाताच यंत्र बंद पडते. मोठे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी यूपीएसचा भिंतीवरचा खटका बंद करून यंत्र तग धरते का ते पाहावे, अर्थात कोणतेही काम उघडे नसताना.

पहिली पावले : इन्स्टॉलर लगेच पुन्हा चालवू नये. पडद्यावरच्या संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण त्यातील क्रमांक बहुतेक वेळा अर्धे निदान करतो. १६१८ म्हणजे दुसरे एखादे इन्स्टॉलेशन पार्श्वभूमीवर चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम घेतो, तेव्हा ते संपू द्यावे किंवा यंत्र रीस्टार्ट करावे. १६०२ म्हणजे वापरणाऱ्यानेच काम रद्द केले. १६०३ मात्र सर्वसाधारण अपयशाचा क्रमांक आहे. फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नसणे हे त्यामागचे नेहमीचे एक कारण. ३०१० दिसला तर काळजी नाही, काम पूर्ण झाले आहे आणि रीस्टार्ट तेवढा राहिला आहे. क्रमांक नसेल तर टेम्प फोल्डरमधील सर्वांत ताजी ‘लॉग’ फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या ओळींपासून वर वाचत जावे.

त्यानंतर सी ड्राइव्हवरची मोकळी जागा पाहावी आणि डाउनलोड पूर्ण झाले होते का ते तपासावे. ठाणे शहराची दूरध्वनी-सेवा महानगर टेलिफोन निगमकडे, तर कल्याण-डोंबिवलीची भारत संचार निगमकडे होती. दोन्हीकडे डायल-अपच्या काळात मोठी फाइल अर्ध्यात तुटणे रोजचे होते. आजही वायफाय डळमळीत असेल तर तसे होते. फाइलचा आकार संकेतस्थळावरच्या आकाराशी जुळवून पाहिला तरी शंका फिटते. सीडीवरून बसवताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश आला, तर चकतीवरचा मजकूर नीट वाचला जात नाही असे समजावे. त्यावर दुसरी प्रत मिळवणे एवढाच उपाय.

मराठी वापरणाऱ्यांच्या खास अडचणी : दुरुस्तीच्या सर्वसाधारण पुस्तकांत या सापडत नाहीत, म्हणून येथे विस्ताराने देत आहे. विंडोजमध्ये खात्याचे नाव देवनागरीत दिले, उदाहरणार्थ ‘आई’, तर त्या खात्याच्या टेम्प फोल्डरच्या पत्त्यातही देवनागरी अक्षरे येतात. युनिकोड न जाणणारे जुने इन्स्टॉलर तो पत्ता प्रश्नचिन्हांचा वाचतात आणि ‘फोल्डर सापडत नाही’ म्हणून थांबतात. नंतर नाव बदलून उपयोग होत नाही, कारण फोल्डरचे नाव पहिलेच राहते. रोमन अक्षरांत नाव असलेले दुसरे खाते उघडून तिथून सॉफ्टवेअर बसवावे. आपल्या लिपीत नाव लिहिणाऱ्याचा यात काही दोष नाही. दोष सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा आहे आणि तो त्यांनी कधीच दूर करायला हवा होता.

२००१ साली आलेल्या एक्सपीत देवनागरी नीट उमटण्यासाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत आणि त्यासाठी यंत्र मूळ सीडी मागे. जुळवलेल्या यंत्रासोबत सीडी मिळालेली नसली की काम तिथेच अडे, वेलांट्या भलत्या जागी पडत आणि जोडाक्षरे सुटी दिसत. व्हिस्टापासून ही पायरी उरली नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि सी-डॅकची ‘आयएसएम’ यांच्या जुन्या आवृत्त्यांना यंत्रामागे ‘लॉक’ हे परवान्याचे छोटे उपकरण लावावे लागे. त्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला असेल तर ६४-बिट विंडोजवर बसत नाही. १६-बिट इन्स्टॉलर असलेल्या जुन्या सीडीही तिथे सुरू होत नाहीत. हा बिघाड नव्हे, त्यामुळे कितीही वेळा प्रयत्न केला तरी फळ सारखेच.

अँटिव्हायरस आणि क्रॅक : दोन अँटिव्हायरस एकाच यंत्रावर ठेवले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतो. आधीचा त्याच्या उत्पादकाने दिलेल्या ‘रिमूव्हल टूल’ने काढावा आणि मगच नवा बसवावा. पुण्याच्या क्विक हीलसह बहुतेक कंपन्या असे साधन देतात. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा ‘क्रॅक’ अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. तो बंद केला नाही तर अँटिव्हायरस त्यातील एखादी फाइल उचलून नेतो आणि इन्स्टॉलेशन लंगडे राहते. बंद केला तर त्यातून काय आत आले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. ज्या यंत्रावर घरातले बँकेचे व्यवहार होतात, त्यावर क्रॅक कदापि वापरू नये.

यंत्र सुरूच होत नसेल तर : ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस अर्धवट बसल्यावर ही पाळी येते. विंडोज ७ पर्यंत सुरुवातीला एफ-८ दाबून ‘सेफ मोड’ मिळे. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ म्हणावे लागते, आणि यंत्र सलग काही वेळा सुरू होता होता बंद पडले तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर चालू असेल तर इथे ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड घरात लिहून ठेवलेला असावा. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात, त्यामुळे नवे सॉफ्टवेअर तिथून काढता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. तेव्हाही हाती उपाय हाच होता : सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल पुसणे.

तेवढ्याने भागले नाही तर ‘सिस्टम रिस्टोर’. त्याने विंडोजची व्यवस्था ठरलेल्या तारखेपर्यंत मागे जाते आणि घरच्यांच्या फाइलींना हात लागत नाही. विंडोज १० मध्ये ही सोय पुष्कळदा बंदच असते. यंत्र चांगले चालू असताना ती सुरू करून ठेवावी. विंडोजच्याच फाइली खराब झाल्याची शंका असल्यास ‘एसएफसी’ ही आज्ञा त्या तपासून मूळ प्रतीवरून बदलते.

हार्डवेअरचा संशय : तेच इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्या ठिकाणी फसत असेल, तर सॉफ्टवेअर सोडून रॅमकडे पाहावे. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरच्या पितळी रंगाच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात. यंत्राची वीज काढून, पट्टी उपसून, त्या खोडरबराने हलके पुसण्याची दुकानदारांची रीत रास्त आहे. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकून डिस्क खरखरत असेल, तर आधी फाइलींची प्रत काढावी.

फॉरमॅट करावाच लागला तर : आधी संपूर्ण सी ड्राइव्हमधील घरच्यांचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. विंडोज सुरू होत नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालवूनही हे करता येते. मराठी घरात आणखी एक फोल्डर विसरू नये, तो म्हणजे फॉन्ट्सचा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेल्या मजकुरात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर साठवलेली असतात. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की आजोबांच्या आठवणींची फाइल रोमन अक्षरांचा गोंधळ दाखवते. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून अशा फाइली पुसल्या जातात, आणि ही हानी कायमची असते. वास्तविक पुसण्याआधी मजकूर सुखरूप असतो. फॉन्ट परत बसवला की तो वाचता येतो, आणि कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला की पुढे त्या फॉन्टची गरज राहत नाही.

काही यंत्रांवर नवे सॉफ्टवेअर बसत नाही, कारण त्यांची मुदतच सरली आहे. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक मागते, आणि २०१५ च्या आगेमागे जुळवलेल्या यंत्रांत तो सहसा नसतो. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली घालून पत्रलेखन, हिशेब आणि इंटरनेट चालवता येते. देवनागरी टंकनासाठी इनस्क्रिप्टची कळमांडणी तिच्यातही आहे.