‘पद्म’ आणि जुन्या फॉन्टची मराठी

२००० नंतरची काही वर्षं बऱ्याच मराठी वृत्तपत्रांच्या साइट स्वतःच्याच फॉन्टवर चालायच्या. तो फॉन्ट नसला की बातमीऐवजी रोमन अक्षरांचा नुसता काला. फायरफॉक्समधलं ‘पद्म’ हे एक्स्टेन्शन असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. माझ्या मते मराठी वाचकाच्या इतक्या कामाचं दुसरं एक्स्टेन्शन नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद पडली. एक कारण रास्तच होतं: त्यांना ब्राउझरच्या पार आत हात घालता यायचा. पण सुरक्षितता आली, सोय गेली.

फुलसावंगीत बसून २००३ची यवतमाळची बातमी शोधाल, तर जतन झालेल्या पानावर तोच काला दिसू शकतो. आधी फॉन्ट ओळखा, मग कन्व्हर्टर वापरा. मूळ फाइल मात्र पुसू नका. रूपांतरात जोडाक्षरं हमखास चुकतात.