खानदेशातील भूदृश्यरचना

भूदृश्यरचना : जमिनीचा चढउतार, पाणी, वनस्पती, वाटा आणि बांधकाम यांची उपयोग व शोभा या दोन्ही दृष्टींनी केलेली मांडणी. अक्ष, प्रमाण, सीमाबद्धता, दृष्टी खिळवून ठेवणारे केंद्र आणि एकामागून एक उलगडत जाणारी दृश्ये ही तिची सर्वमान्य तत्त्वे होत. उद्यानविषयक ग्रंथांत या तत्त्वांचे विवेचन बहुधा राजेरजवाड्यांच्या बागांच्या आधारे केलेले असते. खानदेशात अशा बागा थोड्या. जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात जमिनीला आकार दिला तो मुख्यतः पाण्याने, म्हणजे पाणी अडविणाऱ्या, वळविणाऱ्या आणि वाटून घेणाऱ्या माणसांनी. रावेर–यावल भागात ‘बाग’ हा शब्द आजही आधी केळीच्या लागवडीस लावतात. फुलझाडांच्या बागेचा विचार त्यानंतर येतो.

या प्रदेशाच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर असून मधून तापी पश्चिमेकडे वाहते. गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर इ. उपनद्या दक्षिणेकडून येऊन तीस मिळतात. तापीकाठची काळी जमीन खोल व सुपीक आहे, तर धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात मुरमाड माळ आणि बेसाल्टच्या उभ्या भित्ती आढळतात. लाव्हा भेगांत थिजून बनलेल्या या भित्ती, भोवतालचा खडक झिजून गेल्यावर, मैलोगणती लांब तटांसारख्या उभ्या राहिल्या आहेत. पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि धुळ्याच्या बाजूस तो जळगावपेक्षा कमी असतो. उन्हाळ्यात जळगाव–भुसावळचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा ठिकाणी पाण्याची सोय न पाहता आखलेली कोणतीही रचना, ती कागदावर कितीही देखणी असो, वैशाखाच्या पुढे टिकत नाही.

फड पद्धती : खानदेशातील सर्वांत विचारपूर्वक केलेली भूदृश्यरचना म्हणजे फड होय. ती बाग म्हणून कोणी केली नाही, त्यामुळे उद्यानांच्या इतिहासात तिचा उल्लेखही होत नाही. तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर, धुळे व नासिक जिल्ह्यांत, ही पद्धती सु. तीनचारशे वर्षांपूर्वी रूढ झाली असावी. नदीच्या पात्रात आडवा बंधारा घालून पाण्याची पातळी थोडी वर उचलावयाची आणि एका काठाने कालवा काढावयाचा, असे तिचे सामान्य स्वरूप. कालव्याची लांबी २ ते १२ किमी. पर्यंत असते. त्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे लहान पाट निघतात. जादा झालेले पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीस मिळते. कालवा आणि नदी यांच्या मधल्या उतरत्या पट्ट्यात पाणी आपोआप पोहोचते. त्यासाठी मोट लागत नाही आणि पंपही लागत नाही.

गावाची भिजणारी जमीन सामान्यतः चार फडांत विभागलेली असे. एका फडाचे क्षेत्र १० पासून २०० हे. पर्यंत, बहुधा १०० ते १२५ हे. असे. कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता पडीक ठेवावयाचा, हे गावकरी दरवर्षी मिळून ठरवीत. एका फडात एकच पीक घेण्याचा दंडक होता. एकदोन फडांत ऊस आणि उरलेल्यांत हंगामी पिके अशी फेरपालट चाले. तीमुळे जमिनीचा कस टिकून राही आणि पाणथळ व खारवट होण्याचा धोकाही कमी होई. खातेदाराची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्याने एखादा फड पडीक राहिला, तरी त्याचे सारे उत्पन्न बुडत नसे. ज्या वर्षी नदीस पाणी कमी, त्या वर्षी भिजणारे फड कमी. तूट सर्वांनी सोसावयाची. कालव्यावर देखरेख ठेवणारा पाटकरी, शेतात पाणी फिरविणारा बारेकरी आणि पिकांची राखण करणारा जागल्या हे या व्यवस्थेचे सेवक असत. शेताला पाणी किती द्यावयाचे हे बारेकरी ठरवी, शेताचा मालक नव्हे. वादाचे मूळच तोडणारी ही योजना होती.

उद्यानरचनेच्या दृष्टीने पाहिल्यास फडात तिची बहुतेक तत्त्वे सापडतात. कालवा हा अक्ष. तो सरळ नसतो, तर जमिनीची समपातळी धरून वळत जातो आणि त्यानेच हिरव्या व कोरड्या जमिनीची सीमारेषा ठरते. एकपिकी फडांमुळे रंगांचे मोठे, अखंड पट्टे दिसतात. उसाच्या गर्द भिंतीशेजारी गव्हाची ठेंगणी पिवळसर पसरण आणि त्यापलीकडे मोकळी काळी जमीन, असा विरोध साधण्यासाठी शोभेच्या बागांत मुद्दाम खटपट करावी लागते. येथे तो पाणीवाटपाच्या नियमातून आपोआप निर्माण झाला. फेरपालटीमुळे हे चित्र दरवर्षी बदले.

पुढे विहिरी, विजेचे पंप आणि नदीवर वर झालेली धरणे यांमुळे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची निकड उरली नाही आणि फड ओसरत गेले. ज्याची विहीर त्याचे पाणी, असा व्यवहार सुरू झाला. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी जुन्या बंधाऱ्यांच्या व पाटांच्या खुणा दिसतात. पण त्यांची गणना वारसा म्हणून क्वचितच होते. पडक्या गढ्यांना जी आस्था मिळते, ती पाटाला मिळत नाही.

बुऱ्हाणपूर : फारुकी सुलतानांच्या काळात थाळनेर व नंतर बुऱ्हाणपूर ही खानदेशची सत्ताकेंद्रे होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर हा प्रदेश मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशातील राजशाही उद्यानांचा विचार त्यास वगळून करता येत नाही. चार भागांत विभागलेली, मधोमध पाण्याचे पाट असलेली चारबाग ही कल्पना इराण व मध्य आशियातून आली. ती रुजविण्यासाठी वाहते पाणी हवे आणि बुऱ्हाणपूरजवळची तापी तर खोल पात्रातून वाहते. यावरचा उपाय १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत, इराणी पद्धतीच्या भूमिगत जलमार्गाने काढण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणण्यात आले. या मार्गावर ठरावीक अंतराने खणलेल्या, विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्यांमुळे तो कुंडी भंडारा या नावाने ओळखला जातो. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद येथे आहूखाना हे मृगोद्यान होते. १६३१ च्या जून महिन्यात बुऱ्हाणपूर येथे निधन पावलेल्या मुमताजमहलचे दफन प्रथम तेथेच करण्यात आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे अवशेष आग्र्यास हलविण्यात आले. आहूखान्याचे आज भग्नावशेष उरले आहेत, कुंडी भंडाऱ्यात मात्र पाणी आहे. फड आणि कुंडी भंडारा यांत एक साम्य दिसते : दोन्हींत पाणी चढविण्याचा खटाटोप नाही, केवळ उताराचा अचूक अंदाज आहे. फरक एवढाच की, एकाचे पाणी शिवारात वाटले गेले, तर दुसऱ्याचे शहर, महाल आणि बागांकडे गेले.

धुळे शहराची आखणी : १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा धुळे हे सु. अडीच हजार वस्तीचे गाव होते. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याची संमती मिळवून तेथे नवे शहर वसविण्यास प्रारंभ केला. सरळ रस्ते व त्यांना समांतर गल्ल्या अशी ही आखणी असून धुळ्यातील गल्ल्या आजतागायत नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जातात. ही आखणी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असा समज प्रचलित आहे, परंतु त्यांचा जन्म ब्रिग्जच्या आखणीनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी झाला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक धुळे परिसरातील होते : पांझरेच्या एका प्रवाहातून पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी सुचविलेल्या ‘ब्लॉक’ पद्धतीत एकत्रित क्षेत्र व पिकांची फेरपालट या गोष्टी आढळतात. फडाशी तिचे असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

जैन हिल्स : जळगावजवळ शिरसोली रस्त्यावरील खडकाळ, उजाड टेकड्यांवर उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी केलेली रचना ही या परंपरेतील अलीकडची कडी होय. येथेही आरंभ झाडांपासून झाला नाही. समपातळी चर, नाल्यांतील दगडी बांध आणि तळी यांच्या साहाय्याने आधी पावसाचे पाणी टेकडीवरच थोपविण्यात आले व नंतर लागवड झाली. या उद्योगसमूहाचा व्यवसायच ठिबक सिंचनाचा. ठिबक तोटीतून ताशी २, ४ वा ८ लिटर अशा मोजक्या मापाने पाणी मुळाशी पडते, त्यामुळे पाटाच्या पाण्यास न मानवणाऱ्या तीव्र उतारावरही झाडे लावता येतात. पाटाने ठरविलेली समपातळीची मर्यादा नळीने ओलांडली, असे म्हणता येईल. या परिसरातील गांधीतीर्थ या संग्रहालयाचे उद्‌घाटन मूळच्या जळगाव जिल्ह्यातील असलेल्या तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते २५ मार्च २०१२ रोजी झाले. टेकडीच्या उतारावरून वळत जाणारी वाट, मध्येच उघडणारे दृश्य आणि अखेरीस इमारत असा क्रम येथे अनुभवास येतो. तथापि एका मोठ्या उद्योगाच्या भांडवलावर उभी राहिलेली रचना सामान्य खेड्यास जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिच्यातील चर व बांध मात्र कोणासही खणता येतील.

केळीच्या बागांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. उन्हाळ्यातील उष्ण वारे व वादळे यांपासून रक्षण व्हावे म्हणून शेतकरी बागेभोवती शेवरी किंवा उंच गवताचे दाट कुंपण लावतात. आत शिरताच प्रकाश मंद होतो आणि गारवा जाणवतो. सीमाबद्धतेच्या तत्त्वाचे याहून स्पष्ट उदाहरण या भागात दुसरे नाही.

प्रतिरूपे व संगणकीय खेळ : प्रत्यक्ष जमीन हलविण्यापूर्वी तिचे प्रतिरूप पाहण्याची गरज जुनी आहे. इंग्रज उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा आपल्या ‘लाल पुस्तकां’त जलरंगातील चित्रावर उचलता येणारी झडप लावून मालकास आधीची व नंतरची जमीन दाखवीत असे. महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, तेही भूदृश्यरचनेचे लहान प्रतिरूपच. अळीव किंवा मोहरी पेरून केलेले शेत, वळणावळणाची वाट, पुढे मोठी व मागे लहान चित्रे ठेवून साधलेला दूरत्वाचा भास ही सारी त्या शास्त्राची तत्त्वे असून ती मुलांना कोणी शिकवीत नाही. मात्र दोन दिवस पाणी शिंपडले नाही, तर किल्ल्यावरचे अळीव माना टाकते.

संगणकावरील खेळांत ही अडचण राहत नाही. १९८९ मध्ये आलेल्या ‘सिमसिटी’त शहर वसविता येत होते. २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये एक मी. बाजूच्या घनांनी डोंगर, बागा व किल्ले रचता येतात आणि जगभरची मुले त्यात आपापली उद्याने उभारतात. अक्ष, प्रमाण, केंद्र, दृश्यांचा क्रम यांचा सराव या खेळात उत्तम होतो. पाण्याचा मात्र होत नाही. या खेळातील नद्या डोंगरावरून उतरत नाहीत, समुद्राच्या पातळीवरच असतात, त्यामुळे पाणलोट ही कल्पनाच तेथे नाही. योग्य रीतीने ओतलेल्या दोन बादल्यांपासून कधीही न आटणारा झरा तयार होतो. पाण्याचा एक घन भोवतालचे ८० घन शेत ओले ठेवतो, आणि तेही कायमचे. झाडांना तर पाणी लागतच नाही. एका स्रोतापासून सपाटीवर पाणी सात घनांपर्यंतच पसरते आणि पुढे न्यावयाचे तर एक पायरी खाली उतरावे लागते, एवढाच काय तो उताराचा धडा. खऱ्या कालव्याचा उतार याच्या कित्येक पटींनी सौम्य असतो.

तरीही या साधनाचा सार्वजनिक उपयोग झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक कार्यक्रमाने खेळाच्या निर्मात्यांसह २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतील रहिवासी, विशेषतः मुले व स्त्रिया, आपल्या मोकळ्या जागेचा आराखडा या खेळात स्वतः रचतात व नंतर तो तज्ञांपुढे मांडतात. नैरोबीतील किबेरा येथे त्याचा आरंभ झाला. पुढे मुंबईतही तो राबविण्यात आला. नकाशा न वाचता येणाऱ्यासही आपले म्हणणे त्यामुळे मांडता येते. पांझरेवरील एखाद्या फडाचे प्रतिरूप या रीतीने करावयाचे झाल्यास बंधारा, कालवा, चाऱ्या व चारही फड पडद्यावर जुळविता येतील. कोणता फड कोरडा ठेवावयाचा हे मात्र खेळ विचारणार नाही. ते बांधणाऱ्यांनी, पूर्वी गावकरी करीत तसे, एकत्र बसून ठरवावे लागेल.