हँडल, सेल्फ आणि वायरमन

नाना पेठेत मी वायरमनचं काम शिकायला लागलो तेव्हा अँबॅसिडरबरोबर लोखंडी हँडल असायचंच. उस्तादांचा पहिला धडा अंगठ्याचा: हँडल मारताना तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जायचं. या दुखण्यावर अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तोड काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ लागला. हा गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्यासाठी मोटर बनवत होता. मोटर क्षणभरच फिरणार असेल तर ती लहान असूनही तिच्यावर नेहमीपेक्षा बराच जास्त भार टाकता येतो, हे त्याने तिथेच ओळखलं होतं.

पण तो क्षण बॅटरीला भारी पडतो. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असताना टर्मिनलवरच्या बुरशीने ०.०२ ओहम एवढाच अडथळा केला, तरी बारातले तीन व्होल्ट तिथेच संपतात. म्हणून उस्ताद आधी हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगत. लाइट मंदावला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. लाइट तसाच लख्ख आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन.

ल्युकासच्या जुन्या सेल्फचं बेंडिक्स, म्हणजे पुढचं दातेरी चाक, फ्लायव्हीलमध्ये अडकायचं. गिऱ्हाईक बॅटरीला शिव्या देत असे. उस्ताद मात्र आर्मेचरच्या चौकोनी टोकाला पाना लावून ते फिरवून सोडवत आणि चहाचेच पैसे घेत. (हा हिशोब मला कधीच पटला नाही.)

बॅटऱ्यांची पेटी काळ्या कडक रबराची असे. वर डांबर ओतलेलं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. दोन टोकांचा टेस्टर एकेका सेलवर दाबला की सहांतला मेलेला कोणता ते कळे. हायड्रोमीटरही तेच सांगे: पाच सेल १२५० दाखवत, एक ११५० वर. मग डांबर तापवून तेवढाच सेल उघडायचा, नव्या प्लेटा घालायच्या.

प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या तशा पट्ट्या झाकणाखाली गेल्या. पुढे बऱ्याच बॅटऱ्यांवरची पाणी घालायची बुचंही गेली. आता एक सेल गेला की अख्खी बॅटरी भंगारात. बेंडिक्सचं अडकणं मात्र थांबलं, कारण नव्या सेल्फमध्ये सोलेनॉइड आधी दाते भिडवतो आणि मगच मोटर फिरते. टर्मिनलची बुरशी अजून तशीच येते. ती खरवडून बघितल्याशिवाय नवी बॅटरी विकणारे बरेच आहेत.